रंगाचा डबा उघडण्याआधी

विडी घरकुलात दोन खोल्या मिळाल्या
आणि पहिलं भांडण भिंतीवरून.
अंबादास म्हणाला, पांढरा दे.
दिवसभर मागावर लाल-हिरवं पळतंय डोळ्यांपुढून,
घरी आल्यावर काहीच दिसायला नको.
मी म्हटलं, काहीच नको तर मी कुठं बसू?

मला जांभळा हवा होता.
नवी पेठेतल्या दुकानदारानं
जांभळ्याचे अकरा प्रकार दाखवले.
आम्ही अकराही नाकारले,
त्यानं त्याच्या कारणांनी, मी माझ्या.

सोफा कुठं, हे बोलणं झालंच नाही.
नळाला पाणी पाचव्या दिवशी;
निळं पिंप सगळ्यांआधी आत आलं,
खिडकीखालची जागा त्याची झाली.

एप्रिलात स्लॅब तापला, तेव्हा
त्याच पिंपाला पाठ टेकून बसलो दोघं.
गार होतं.
तो म्हणाला, यावर काहीतरी घालू, बरं दिसेल.
आणि स्वतःच उठून
ट्रंकेच्या तळातून मोराची चादर काढली,
कारखान्यानं बाद केलेली,
सहा महिने मला न दाखवलेली.

मोराला एक पाय कमी आहे.
भिंत अजून तशीच.