शांततेची आणेवारी

शेरब्रुकला फेब्रुवारीत पत्र येतं, खाकी पाकिटातलं.
लुसियँ थिव्हिएर्ज ते लोणी लावायच्या सुरीने फोडतो.
वय एकोणऐंशी, डाव्या कानात यंत्र,
उजव्याला अजून उंदराची पावलं ऐकू येतात.

विहीर सामाईक असली की आणेवारी लागते,
तसंच हे होतं:
चौदा कंपन्या, दोन विद्यापीठं, हिशेबाला एक कचेरी.
ज्याने त्याने आपलं पेटंट विहिरीत सोडायचं,
आणि जो कोणी फोन बनवेल त्याने
चौदा दारं न झिजवता एकाच काठावर यावं,
फोनमागे ठरलेले सेंट मोजावेत, पोहरा सोडावा.
वाटणीआधी परीक्षक बसवला.
कुठलं पेटंट अटळ, कुठलं नुसतंच हौशी?
ज्याच्यावाचून बोलणं अडत नाही, ते बाहेर.
भांडणं झाली, सख्खे भाऊ बांधावरून भांडतात तशी.
इथला बांध वीस मिलिसेकंद रुंद होता.

आवाज मुळात जातच नाही कुठे.
जातो तो घशाचा नकाशा,
आणि एका वहीतल्या पानाचा आकडा.
पलीकडे यंत्र नवा घसा उभा करतं
आणि आई विचारते, सर्दी झालीये का रे?

लुसियँचं बोलण्यात काही नव्हतं.
त्याचं होतं ते न बोलणं.
माणूस गप्प झाला की फोनही पाठवायचं थांबवतो,
बॅटरी वाचते,
पण पलीकडे अशी काळीकुट्ट शांतता पडते
की लोक घाबरून फोन ठेवून देत.
म्हणून तिथे थोडी खरखर पेरायची.
खोटीच, पण ज्या त्या खोलीच्या मापाची.
नव्व्याण्णवचा अख्खा हिवाळा तो तळघरात बसून
फ्रीजची घरघर, काचेवरचा बर्फ, मार्सेलच्या सुया ऐकत होता.
किती शांतता पुरे होते?
जास्त झाली तर समुद्र वाटे, कमी झाली तर मढं.
पेटंटवर तिसरं नाव त्याचं.
परीक्षकाने शिक्का मारला: अटळ.

मिळालं काय?
विद्यापीठाचा वाटा, वकिलांचा वाटा, कचेरीचा वाटा,
मग ताटात उरलेलं शीत त्याचं.
एका वर्षी छपराचे पत्रे,
एका वर्षी मार्सेलचे दात,
एका वर्षी पाकिटावरच्या तिकिटाहून लहान चेक.
तो वटवला नाही. फ्रीजवर चिकटवलेला अजून आहे.
मार्सेल म्हणायची, जगात कुणीही गप्प बसलं की आपल्याला पैसे!
स्वतः मात्र रविवार रविवार फुकट गप्प बसायची.

यंदाचं पत्र अर्ध्या पानाचं.
शेवटच्या पेटंटची मुदत संपली.
विहिरीला कुलूप नाही, उलट कठडाच काढला,
आता कुणीही यावं, कितीही न्यावं.
आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.
खाली सही, छापील.

तो पत्राची घडी घालतो, उलगडतो, पुन्हा घालतो,
आणि सेत-ईलला ऑरेलला फोन लावतो.
धाकटा भाऊ, जन्मभर लोखंडाच्या खनिजाच्या गाड्या हाकल्या,
आईला पुरलं त्या दिवसापासून
दोघांचं बोलणं हवामानावर आलेलं.

थंडी?
उणे एकतीस.
इथे बावीस.
हं.

मग ते येतं.
नवे फोन नवी पद्धत वापरतात, हे त्याला ठाऊक आहे,
ही खरखर त्याची नसेलही.
तरी तो कान दाबून धरतो, उजवा,
हरवलेली छत्री दुसऱ्याच्या हातात दिसावी
आणि मूठ ओळखू येते का बघावं, तसा.

लुसियँ? आहेस ना?

हा प्रश्न कुणाला पडू नये
म्हणून तर तो हिवाळा गेला होता.

आहे, तो म्हणतो. बोल.

ऑरेल काही बोलत नाही.