सराव, रात्री आठ ते आठ वीस

शिट्टी मिळाली, पिवळं जाकीट मिळालं,
बॅटरीच्या काचेवर लाल कागद चिकटवायला सांगितला,
आणि यादी.
कंपूपासून नाल्यापर्यंत एकशे सत्त्याऐंशी घरं.
भदौरियासाहेब म्हणाले, मुंगीमॅडम, एकही दिवा दिसता कामा नये.
वरून बघणाऱ्याला सगळं लष्कर
नुसतं पडीक रान वाटलं पाहिजे.

वरून बघणारा आता माणूसही नसतो म्हणे.
परातीएवढं काहीतरी, गांधीलमाशीसारखं घोंघावतं,
त्याला झोप नाही, घर नाही,
खाली कोण राहतं याच्याशी घेणंदेणं नाही.

आठला भोंगा झाला.
आधी महाराजपुऱ्याकडून, मग मुरार, मग आमचा,
घसा बसलेला, बंद गिरणीवरून उतरवून आणलेला असावा.
मी दारं वाजवत निघाले.
दिघ्यांच्या इन्व्हर्टरचा हिरवा ठिपका, त्यावर टॉवेल.
खोचे डॉक्टर म्हणाले, फ्रिज चालला तर चालेल ना, आंबे आहेत.
पोरं गच्चीवर, मोबाइल पालथे घालून खिदळत होती.
खिडकी मिटली की मी खूण करायची.
एकशे सत्त्याऐंशी. झालं.

यादी संपली तिथे गल्ली संपत नव्हती.

नाल्यापलीकडे, दगडवाल्यांच्या पत्र्याखाली,
एक दिवा.

मी त्याला ओळखत होते. हरबिलास.
दिवसा मी खिडकी क्रमांक चारवर बसते.
गेल्या आठवड्यात त्याने चौदा वेळा अंगठा लावला,
थुंकी लावून, धोतराला पुसून, शेवटी डावा.
यंत्र म्हणालं, जुळत नाही.
पन्नास वर्षं छिन्नी धरलेली,
वाळूच्या दगडाने रेषा खाऊन टाकलेल्या.
किल्ल्याच्या चढावरच्या पायऱ्या मीच बसवल्या, म्हणाला.
मी म्हटलं, पायऱ्यांची पावती आहे?
हे मी म्हटलं.
कोणी म्हणायला लावलं नव्हतं.

पुढे हेही म्हटलं, की सुरक्षेचे नवे नियम आहेत,
बाहेरचे लोक घुसतात.
ते काही खोटं नाही. घुसतात.
माझ्या मावसभावाला गणवेशातल्या कोणीतरी
तीन दिवस कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवलं,
जेवताना ताट दाखव म्हणाला,
आणि पेन्शनचं खातं धुऊन नेलं.
भावाचे सगळे कागद खरे होते.
घुसणाऱ्याचे त्याहून खरे.

"बत्ती घालवा!" मी ओरडले, शिट्टी फुंकली.
तो बाहेर आला, चार्जिंगचा दिवा हातात घेऊनच.
"हमारे लिए भी है ये?"
टोमणा नव्हता. खरंच विचारत होता,
रांगेच्या टोकाशी उभा राहून विचारतात तसं,
की आपल्यापर्यंत पोचेल का.

मी यादीत पाहिलं. सवय.
लाल उजेडात कागद कोरा दिसत होता, सगळाच.
परातीएवढ्या त्या माशीकडे तरी कुठे यादी असते?
तिला एक दिवा पुरतो,
दिव्यावरून ती गल्ली काढते, गल्लीवरून गाव,
दिघे, खोचे, आंबे, मी.

"हो," मी म्हटलं. "तुमच्यासाठीपण."
त्याने दिवा मालवला.

मग काहीच दिसेना.
पत्र्याआड कोणीतरी खोकलं, कुत्रं अंगावरून गेलं,
मी वळले ती थेट फरश्यांच्या थप्पीकडे.
कोपराला एक हात लागला, बाजूला केलं.
"सँभल के, बाई."
खाचाखोचा नसलेला, घासून घासून गुळगुळीत,
मला तो हात लगेच ओळखू आला.

आठ वीसला भोंगा, या वेळी लांबलचक, सपाट.
फटाफट दिवे लागले, जणू कोणी शहराची थट्टा केली होती.
अहवालात मी लिहिलं,
दिवे मालवलेली घरं: एकशे अठ्ठ्याऐंशी.
भदौरियासाहेबांनी चष्मा वर केला,
"यादीपेक्षा एक जास्त कसं? बेरीज चुकली, मॅडम,"
आणि हिरव्या पेनाने आठाचा सात केला.
मी काही बोलले नाही.
बोलायला हवं होतं, असं घरी आल्यावर वाटलं.

सोमवारी साडेदहाला खिडकी उघडते.
पंधराव्यांदा येईल तो.
पर्समध्ये चष्म्याचं मऊ फडकं घालून ठेवलंय,
यंत्राची काच पुसायला.
त्याने काही होत नाही, हे मला माहीत आहे.