एक इंची ते पाऊण

दिवाळे गावात, खाडीकडच्या गल्लीत,
हरकूबाय नाखवांच्या दारात
मी पिशवी टेकवली तेव्हा त्या म्हणाल्या,
"मेस्तरी कवा येनार?"
आलाय, मी म्हणाले.
त्यांनी माझ्या मागं पाहिलं.
मग माझ्याकडं.
मग चहा ठेवायला गेल्या.

काम एवढंच:
ओटीवर बर्फाचा फ्रीजर, अजून खोक्यातच,
त्याला स्वतःची लाइन हवी.
मीटरपासून एक इंची पाईप आणला पत्र्याखालून,
नऊ क्लिपा, दोन बेंड,
आणि भिंतीवर जिथं पोचला तिथं
लोखंडी डबा. जुना. हिरवा.
होडीला लावून उरलेल्या ऑइलपेंटचा,
ब्रशचे केस अजून रंगात अडकलेले.
त्याचं भोक पाऊण.

आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये
सगळी भोकं मापाची असायची.

सोपं होतं, डबा बदलायचा.
पिशवीत नवाकोरा होता.
"डबा नाय काढाचा," आतून आवाज आला.
मी अजून विचारलंही नव्हतं.
कारण त्यांनी सांगितलं नाही.

मग कानस.
दोन घासे मारले, हिरवा पापुद्रा उडाला,
खाली लाल,
लालच्या खाली निळा.
म्हणजे होड्या तीन झाल्या होत्या.
मी कानस फडक्यात परत गुंडाळली.

माझा पहिला मेस्त्री, भिवाजी,
पाईपचं तोंड शेगडीवर मऊ करायचा,
चिमटीत दाबायचा, वरून टेप.
"आत कोण बघतंय?" म्हणायचा.
तार बघते.
पहिली दोन वर्षं काही बोलत नाही,
मग एका रात्री त्याच जागी
तिची साल सुटते.

चहा खाली ठेवून हरकूबायनी
भोकात करंगळी घातली, पाईपच्या तोंडात अंगठा.
"डोलीला काय करतो आमी?
तोंड ह्यवढं," दोन्ही हात पसरले,
"आनि शेपटात मूठ मावत नाय.
आस कमी कमी करत जायाचा. येकदम नाय."

रिड्युसर, मी म्हणाले.
"असंल."

बेलापूरच्या दोन दुकानांत नव्हता.
तिसऱ्यात मिळाला, बारा रुपये,
बरणीच्या तळाशी, धुळीनं भरलेला,
एका बाजूनं एक, दुसऱ्या बाजूनं पाऊण,
बारा रुपयांत दोन्हीकडचं ऐकून घेणारा.
सोल्युशन लावलं, पाव फेरा, तीसपर्यंत मोजलं.
पुढं बोटभर पाऊण इंची तुकडा, अडॅप्टर,
डब्याच्या आतून चेकनट,
आणि काठाला बुश, तारेच्या मानेला लागू नये म्हणून.

इतका वेळ मी पाईप आत घालायला बघत होते.
पाईप कुठं आत जायचा असतो?
तार जायची असते.

लाल, काळी, हिरवी.
टोकं सोलून एकाखाली एक पायरीनं बांधली,
गाठ जाड होऊ दिली नाही.
तरी अरुंदात येऊन अडली.
हरकूबायनी तोंडाला लावायची पावडर आणली,
अर्धा डबा ओतला पाईपात.
त्या तिकडून सोडत, मी इकडून ओढत,
"खेच." "थांब." "आता खेच."
सगळ्या घराला चमेलीचा वास.
त्यांच्या हाताला माहीत होतं
किती सोडायचं,
माझ्या हाताला अजून नीट नाही.

हिरवी तार हिरव्या डब्याला बांधली.
बटण दाबलं. फ्रीजर गुरगुरला.
बर्फ धरायला रात्र लागेल, मी सांगितलं.
"लागूंदे," त्या म्हणाल्या, आणि शंभर कमी दिले,
आणि वाकट्यांची एक जुडी जास्त.

झाकण लावायच्या आधी
त्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं,
पुढं कधी कोणी वायरमन उघडेल, त्याच्यासाठी:
एक इंची ते पाऊण. तीनच तारा.
चौथी ओढू नये.
डबा बदलू नये.
सु. वानखेडे.

कारण मीही लिहिलं नाही.