धुण्याची पाळी

सत्तेचाळीस दिवसांचं तिकीट काढलं आईनं,
स्वस्त पडतं म्हणून.
वाल्पाराइसोच्या भर उन्हाळ्यातून निघून
नॉर्शोपिंगच्या स्टेशनावर उतरलो
तेव्हा तिच्या पायांत उघड्या चपला होत्या
आणि बॅगेत
नऊ किलो भाजलेल्या गव्हाचं पीठ,
धुरावलेल्या मिरचीच्या तीन पुड्या,
सुकवलेल्या पीचची एक पिशवी, जी फ्रँकफर्टला
एका तरुण अधिकाऱ्यानं हुंगून परत दिली.

मावशी कुठे दिसेना.
म्हणजे समोरच उभी होती.
आई तिच्या पलीकडे बघत राहिली,
अडतीस वर्षांपूर्वीची
काळ्या वेणीची कुणी येईल म्हणून.

पहिला आठवडा पाहुण्यांचा.
तोर्स्तेनकाका आम्हांला रोज
पिवळ्या ट्रॅमचा इतिहास सांगायचे,
स्पॅनिशमध्ये, फार सावकाश,
प्रत्येक क्रियापदापाशी थांबून,
घसरड्या बर्फावर पाय टाकण्याआधी
माणूस थांबतो तसं.
दुसऱ्या आठवड्यात मावशीनं फ्रीजमधला
एक कप्पा आमच्यासाठी वेगळा केला.
आईनं तो पाहिला. बोलली काही नाही.
तिसऱ्या आठवड्यात भांडण.

निमित्त तळघरातलं धुणंघर.
तिथे भिंतीवर फळा, फळ्यावर दिवस,
दिवसाचे तीन तुकडे
आणि घराघराच्या नावाचं एकेक चिमुकलं कुलूप.
जिथे आपलं कुलूप, ती आपली पाळी.
आई पहाटे उठली, सवयीनं,
आणि कुणा लिंडब्लादबाईंच्या वेळेत
आमचे मोजे धुऊन मोकळी झाली.

दारावर चिठ्ठी आली. नम्र. तारीख, वेळ, सही.
ती वाचताना मावशीचे हात कापत होते.
"एकतीस वर्षं," ती म्हणाली,
"एकतीस वर्षं मी या दारावर
एक चिठ्ठी लागू दिली नाही."
आई म्हणाली, "मोज्यांसाठी एवढं?"
मग मोजे राहिले बाजूला.
आजीचं मरण निघालं, मातीला कोण आलं नाही,
कुणाच्या पासपोर्टावर कसला शिक्का होता,
आठ वर्षं कुणी फोन उचलला नाही,
आणि घराचं फाटक निळं होतं की हिरवं.
फाटकावरून दोघी सगळ्यांत जास्त ओरडल्या.

लाउतारोची तुवा, सहा वर्षांची,
टेबलाखाली माझ्याजवळ सरकली
आणि तिला येणाऱ्या चार स्पॅनिश शब्दांतले
तीन वापरून विचारलं,
"आज्या. मांजरं. अजून?"
अजून, मी म्हणाले.
साडेतीनलाच बाहेर अंधार पडला होता.

आमची पाळी गुरुवारी, सहा ते नऊ.
टोपली घेऊन खाली गेले तर दोघी आधीच हजर,
एकमेकींकडे पाठ करून,
एक मशीनच्या गरगरत्या काचेपुढे,
एक फळ्यापुढे, जणू काही वाचायचं राहिलंय.
मग मावशीनं मोठी चादर बाहेर ओढली
आणि न बघता दोन टोकं मागे धरली.
आईनं न बघता घेतली.
दोघी मागे सरल्या, चादर ताणली,
झटकली, परत झटकली,
चालत आल्या समोरासमोर,
टोकाला टोक,
पुन्हा मागे, पुन्हा पुढे.
तिसऱ्या घडीला मावशीनं मुद्दाम हिसडा दिला.
आईच्या हातचं सुटलं.

ही खोडी जुनी असणार.
कारण आईच्या तोंडून जी शिवी बाहेर पडली
ती मी उभ्या जन्मात ऐकली नव्हती,
आणि मावशी,
जिन्यातसुद्धा दबक्या पावलांनी चालणारी मावशी,
ओल्या फरशीवर फतकल मारून
हसत बसली, डोळे पुसत,
लिंडब्लादबाईंनाही ऐकू जावं इतक्या मोठ्यानं.

चादर पुन्हा धुवावी लागली.
नऊ वाजून गेले.

उरले होते सव्वीस दिवस.
रात्री दिवा मालवल्यावर
आई हळूच मला म्हणाली,
"फाटक निळंच होतं."
भिंतीपलीकडून लगेच आवाज आला,
"हिरवं."