सरकण्याआधी

कुपवाडला, एमआयडीसीच्या मागच्या रांगेत,
ग्राइंडरचं टेबल खुणेपासून पाच मायक्रॉनवर अडून बसलंय.
चूक एवढीशी, पण मिटत नाही.
कंट्रोलर ती साठवत राहतो,
साठवत राहतो,
आणि टेबल एकदम सुटतं, खुणेच्या पलीकडे जाऊन बसतं.
मग उलटा हिशेब. परत अडणं. परत उडी.
सकाळपासून हेच:
उंबऱ्यावर आत-बाहेर करणारं मांजर.

माझ्या समीकरणात घर्षण म्हणजे एक आकडा होता
आणि दिशा उलटली की उलटणारं चिन्ह.
वालचंदला तेवढ्यावर मार्क मिळाले होते.

दस्तगीरमामा चहाचा ग्लास कंट्रोल पॅनेलवर ठेवतात
(ठेवू नका, असं मी रोज सांगते).
"सरकायच्या आधी वाकतंय ते, मॅडम.
डायल लावून बघा की."

डायल लावला. टेबल बोटानं रेटलं.
काटा दोन घरं गेला.
बोट काढलं, काटा माघारी.
म्हणजे न सरकताच हललं होतं.
दोन ब्रश केसांत केस अडकवून उभे असावेत,
रेटलं की आधी केस वाकावेत,
मग कुठला तरी एक सुटावा, त्याच्यामागे सगळे.

रात्री विश्रामबागच्या खोलीवर नवं समीकरण मांडलं.
केसांच्या सरासरी वाकण्याला झेड म्हटलं.
वेग वाढला की तेल आत शिरतं, पकड सैल होते;
आणखी वाढला की तेलच ओढून धरतं.
हे सगळं बसलं.
झेड मात्र कुठल्याच सेन्सरला दिसत नाही,
तो चालीवरून ताडायचा, घटकेघटकेला.

मामा तो तळव्यानं ताडतात.
ही स्लाइड त्यांनीच घासलेली,
निळ लावून, स्क्रेपरनं, एक्केचाळीस दिवस,
तेल थांबावं म्हणून खवल्याखवल्यांची.
आता त्यांचा उजवा खांदा आखडलाय.
मिरजेच्या डॉक्टरनं व्यायाम दिलाय:
भिंतीवर बोटं चालवायची, वर, जमेल तितकी.
स्टोअरमागे उभे राहून चालवतात.
हात एका जागी थांबतो,
थांबतो,
मग झटक्यानं वितभर वर.
मी पाहिलं, हे त्यांनी पाहिलं.
"ह्याचा बी आकडा काढा," म्हणाले.

गुरुवारी टेबल एका मायक्रॉनवर थांबलं
आणि थांबूनच राहिलं.
मालकांनी पेढे मागवले.
मामांनी टेबलावर हात ठेवला, बराच वेळ,
मग पेढा डाव्या हातानं घेतला.
"आज गरम हाय ते. सुट्टीनंतर बघा.
पडून राहिलं की लै घट्ट धरतंय."

पडून राहण्याचा आकडा माझ्याकडे नव्हता.
वहीत लिहिलं:
सोमवार, पहिली पाळी, मशीन चालू करण्याआधी
बोटानं रेटून पाहणे.
त्याखाली, कंसात: मामांना लवकर बोलावणे.