चौदा-पंधराचा पाना

वेखंडे पडला ते काम
सव्वादोन तासांनी माझ्या मोबाइलवर आलं.
तीच कासारवडवलीची सोसायटी, तीच बी विंग, दुसरा मजला.
मी घेतलं. नाही म्हटलं की रेटिंग उतरतं.
पट्टा लावला आहे का? ॲपनं विचारलं.
हो दाबल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.
पट्टा कुणी दिलेलाच नाही.

खिडकीतून पाय बाहेर टाकला.
छज्जा दीड वीत, त्यावर कबुतरांची घाण,
आणि आउटडोअरच्या ब्रॅकेटवर, नटाला
त्याचा पाना तसाच अडकलेला.
मुठीला निळी टेप.
गेल्या उन्हाळ्यात माझ्यासमोरच गुंडाळली होती,
घामानं सटकतो म्हणाला.
नट अर्धाच आवळलेला होता.
उरलेला मी आवळला.

खाली पोडियमवर वॉचमननं फिनेल टाकलेलं,
तेवढीच फरशी चकचकीत.
बाईंनी चहा दिला. वाईट नव्हत्या.
मला काही सुचेचना हो, म्हणाल्या,
दुसरा माणूस यावा म्हणून घाईत कॅन्सल केलं.

दोन्ही टाचा गेल्या, कमरेचा एक मणका.
कळव्याच्या हॉस्पिटलात खाटेच्या कडेवर
प्रणाली फॉर्म भरतेय.
'अपघाताची वेळ': साधारण बारा.
साधारण चालत नाही मॅडम, फोनवरचा पोरगा गोड बोलतो,
विमा काम चालू असेपर्यंतच असतो,
आणि ते काम अकरा सत्तावन्नला रद्द झालंय.
सर त्याआधी पडले की नंतर?

वेखंडे छताकडे बघत म्हणतो,
खाली जाताना घड्याळ बघायचं राहिलं.
हसायला जातो, मणका हसू देत नाही.

भाऊजी, ती मला जिन्यात गाठते,
काम अर्ध्यावर होतं, एवढं लिहून द्याल?

ॲपमध्ये त्या पत्त्यावर, त्या तारखेला
एकच काम दिसतं. पूर्ण. पाच तारे.
माझ्या नावावर.
चारशे वीस रुपये कधीच खात्यात आले,
त्यातले साठ पेट्रोलला गेलेसुद्धा.

देतो म्हणालो.
रात्री मानपाड्याच्या खोलीवर कागद घेऊन बसलो,
उडू नये म्हणून वर पाना ठेवला.
नट अर्धा आवळलेला होता, हे लिहिलं.
उरलेला कुणी आवळला, तेही लिहिलं.
खाली सही केली.
ॲपवरची नुसती 'विलास के.' नाही,
पूर्ण,
बापाच्या नावासकट.