ऐंशी सेकंदांची टेकडी

एकतीस वर्षं मी वालपराइसोची माणसं वर ओढली
आणि स्वतः खुर्चीतून उठलो नाही.
टेकडीच्या माथ्यावर यंत्रघर,
समोर पितळी दांडा, शेजारी चहाचा थर्मास.
दोर कुरकुरला की समजायचं, डबा अर्ध्यावर आला.
ऐंशी सेकंद.
एवढीच होती माझ्या लेखी टेकडी.
मीही त्याच डब्यातून येजा करायचो;
नोकरीचा तेवढा एकच मान : तिकीट माफ.

मग महापालिकेनं दुरुस्तीची पाटी लावून
दाराला कुलूप घातलं,
आणि त्याच आठवड्यात डॉक्टर ओयार्सूनबाई
माझ्या रक्ताचा कागद उजेडाला धरून म्हणाल्या,
चालायला लागा, निबाल्दो. रोज.
मी हसलो. कुठं चालू?
या गावात सपाट असं
फक्त जेवायचं टेबल असतं.
मग चढा, म्हणाल्या,
आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

एकशे बासष्ट पायऱ्या.
पहिल्या दिवशी एकोणिसाव्या पायरीवरच
छातीचा भाता फाटायला आला.
निळ्या भिंतीवर तळहात टेकून उभा राहिलो,
कुणी बघत तर नाही ना,
म्हणून आधी वर पाहिलं, मग खाली.
बघत होती.
पाववाली एदेलमिरा, टोपली कमरेवर घेऊन.
"यंत्र बिघडलं वाटतं," म्हणाली.
किती वर्षं हिला मी वर ओढत आलो,
आणि आवाज आज ऐकत होतो.

मार्चमध्ये साठापर्यंत गेलो.
मे महिन्याच्या धुक्यात मोजणी चुकली
आणि चुकीच्या भरात एकदम माथा आला.

काय फरक पडला, विचारतात लोक.
सांगण्यासारखं फार नाही.
वाकलं की हात बुटाच्या नाडीला पोचतो.
रात्री तीनला जाग यायची;
आताही येऊन जात असेल,
मला कळवत नाही.
डॉक्टरबाई नव्या कागदावर बोट टेकून
"बरं" म्हणतात. त्यांच्या तोंडून बरं निघणं
म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून हारतुरे.

आणि सेपुल्वेदांच्या दोरीवर
एका सकाळी टीचभर मोजे दिसले,
तेव्हा त्या घरात काय झालं
ते गावात सगळ्यांत आधी मला कळलं.

एक राहिलं.
भाऊ एलेउतेरिओ. बापाची होडी. अकरा वर्षांचा अबोला.
चढताना मी त्याच्याशी रोज भांडायचो, मनातल्या मनात :
पन्नासाव्या पायरीपर्यंत शिव्या,
पुढं नुसती धाप.
भांडण आणि चढण, दोन्हींना पुरेल
एवढा श्वास एका माणसाकडे नसतो.
माफ केलं असं म्हणणार नाही.
मध्येच कुठंतरी खाली ठेवलं, हातातली पिशवी ठेवावी तसं,
आणि उचलायला विसरलो.
परवा त्याचा फोन आला. होडीचं काही बोलला नाही.
मीही हवापाणी विचारलं.

ऑक्टोबरात डबा पुन्हा सुरू झाला.
दांडा गेला, बटण आलं.
बटणापाशी यास्ना, वय चोवीस.
निरोप धाडला तिनं :
काका, या, तुम्हाला तिकीट नाही.
मान राखायचा म्हणून बसलो.
डबा हलला, आणि काचेतून
पायऱ्या दिसल्या, सगळ्या एकदम, पहिल्यांदाच;
एकोणिसावीपाशी निळ्या भिंतीचा रंग
तळहाताएवढा उडालेला.
या गावात माझ्या नावावर घर नाही,
होडी तर नाहीच. तेवढा एक चट्टा आहे.

वर पोचलो. धाप नाही, घाम नाही,
कुठून आलो असंही वाटेना.
यास्ना म्हणाली, कसं वाटलं?
छान चालतंय, म्हटलं. दोराला वंगण कमी पडतंय, तेवढं बघ.
ती म्हणाली, खाली सोडू का परत?
नको, पाव घ्यायचा राहिलाय,
म्हणत मी
पायऱ्यांकडे वळलो.